डावीकडचं ‘हं’

दात घासता घासता डाव्या कानात काहीतरी झालं. टक् झालं असं आधी वाटलं. मग वाटलं, टक् नव्हे. टक् म्हणजे नखाने टेबलावर वाजवल्यासारखं, कोरडं. हे ओलसर होतं, आतल्या आत मिटणारं, कुणी ओठ मिटावेत आणि परत उघडूच नयेत तसं. मप्? पण मप् असा शब्द नाही. तोंडात फेस धरून तो आरशासमोर उभा राहिला आणि कानाला काय झालं यापेक्षा त्या आवाजाला म्हणायचं काय याचाच विचार करत राहिला. चूळ भरली तेव्हा कळलं, नळाचं पाणी फक्त उजवीकडे पडतंय. डावीकडे नळ होता, धार होती, बेसिनच्या काठावर उडणारे थेंब होते. पण ते सगळं चित्रातल्यासारखं, आवाज लिहायचा राहून गेलेल्या चौकटीसारखं.

आवाज लिहिणं हाच त्याचा धंदा होता. मुलांसाठी निघणाऱ्या चित्रकथांच्या साप्ताहिकात चित्रकार चित्रं काढायचा, लेखक संवाद लिहायचा, आणि पानं याच्या टेबलावर आली की हा फुग्यांत अक्षरं भरायचा आणि फुग्यांच्या बाहेर आवाज घालायचा. धडाम, खळ्ळ, सूंऽऽ, चर्रर्र. लोकांना वाटतं, त्यात काय, काहीही ठोकून द्यायचं. पण लोखंडी फाटक करकरतं आणि लाकडी दार कुरकुरतं, आणि मुलांना ते कळतं, असं तो संपादकाला सांगायचा. संपादक म्हणायचा, ‘बाबा रे, मुलांना फक्त एवढंच कळतं की राक्षस पडला.’ ‘पण चिखलात पडला,’ हा म्हणायचा, ‘चिखलात धडाम होत नाही, थबाक होतं.’ ऑफिसात त्याला सगळे आवाजवाला म्हणत. केस काळे होते तेव्हापासून म्हणत, आणि आता ते तसे नसतानाही.

कानाच्या डॉक्टरने कानामागे एक थरथरता चिमटा टेकवला, कपाळावर टेकवला, मग खुर्ची मागे सरकवून गोळ्या लिहिल्या. म्हणाला, आतली नस रुसलीय. पंधरवडाभर गोळ्या घ्या, गोंगाटात जाऊ नका, रजा काढा, फिरा, मजेत राहा. यायचं असेल तर तेवढ्यात ऐकू येतं. ‘आणि नाही आलं तर?’ ‘दुसरा आहे ना,’ डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसासाठी त्याने घंटी वाजवली. घंटी वाजलेली फक्त उजवीकडे कळली, जणू भिंतीपलीकडच्या कुणाला बोलावलं होतं. मजेत राहा, हे शब्द खिशात घालून तो रस्त्यावर आला आणि त्याच्या लक्षात आलं की आता गाडी कुठून येते ते कळत नाही. सगळ्या गाड्या उजवीकडूनच येत होत्या. डावीकडून येणारीसुद्धा उजवीकडून वाजायची आणि डावीकडून अंगावर यायची. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, ‘काका, घरी सांगून आलाय का?’

घरी त्याने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं हे त्याला पहिल्या संध्याकाळीच कळत होतं, आणि सांगता येणार नाही हेही. बायको गेली कित्येक वर्षं एकच वाक्य म्हणत आली होती, ‘तुला ऐकूच येत नाही.’ रागाने म्हणायची तेव्हा म्हणायची, हसत म्हणायची तेव्हा म्हणायची, आणि अलीकडे तर न रागावता न हसता, भाजी निवडता निवडता, हवेबद्दल बोलावं तसं. आता तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं, हो, खरंच येत नाही? ते वाक्य आपल्या हाताने कोरून, रंगवून, चौकट करून तिच्या भिंतीवर टांगायचं? त्याने गोळ्यांचं पाकीट ब्रशच्या डब्यामागे ठेवलं आणि म्हणाला, ‘साठलेली रजा होती. घेऊन टाकली.’ ‘तू? रजा?’ ती म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून विचारायची, हे बरं की आधीचं बरं? त्या सवयीने तिने त्याच्याकडे जरा डोकं मागे घेऊन पाहिलं, जणू आधीचा बरा की हा, ते ठरवत होती. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘मग संध्याकाळी फिरायला तरी येशील.’

फिरायला ती दोघं नेहमीच जायची. म्हणजे नेहमी जायची असं ती दोघं समजायची, प्रत्यक्षात आठवड्यातून एखाददा. ती दुकानातून आली की चहा व्हायचा आणि मग शाळेच्या कुंपणाकडेने, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावरून, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. ती त्याच्या डाव्या हाताला चालायची. लग्न झाल्यापासून तशीच. का, ते दोघांनाही माहीत नव्हतं; बिछान्यावर कुठल्या बाजूला कोण झोपणार हे जसं कुणी न ठरवता ठरतं, तसं ते ठरलं होतं. त्या संध्याकाळी कुंपणाजवळ ती काहीतरी बोलली. बोलली हे त्याला कळलं, कारण डाव्या बाजूची हवा किंचित उबदार झाली. काय बोलली ते कळलं नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, ‘हं.’

हं हा काही साधा आवाज नाही. हजारदा त्याने तो फुग्यात लिहिला होता आणि प्रत्येक वेळी लेखणी उचलून थांबला होता. हं म्हणजे ऐकतोय. हं म्हणजे हो. हं? म्हणजे काय म्हणालीस. हंऽ म्हणजे असं आहे होय. हं हं म्हणजे पुरे आता. आणि आधी नुसता एक अं लागला की अंहं, म्हणजे नाही, अजिबात नाही. साऱ्या वर्णमालेत एवढ्याशा जागेत इतकी भांडणं दुसरीकडे कुठे मावलेली नाहीत. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून जो गेला तो नुसता ऐकतोय असा हं होता, आणि तो खोटा होता. टाकीपर्यंत जाऊन येईस्तोवर त्याने असे बरेच हं टाकले, वाटेवर खडे टाकत जावं तसे, परत येताना सापडतील या आशेने.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी खांद्यावर अडकवत म्हणाली, आणि हे उजवीकडून म्हणाली म्हणून ऐकू आलं, ‘मग ठरलं ना?’ काय ठरलं, हे विचारायचं म्हणजे काल ऐकलं नाही हे सांगायचं. ‘हं,’ तो म्हणाला. ‘बघ हं, नंतर कुरकुर नको.’ दार लागलं. त्या दिवसभर तो घरात फिरत राहिला. काय ठरलं असेल? तिची आई यायची असेल. भिंतींना रंग द्यायचा असेल. ती नोकरी सोडत असेल. ती याला सोडत असेल, आणि हा म्हणाला, हं. दुपारी वरच्या मजल्यावरचा क्लॅरिनेटवाला रियाज करायला बसला, तोच सूर तिथल्या तिथे, घसरलेल्या लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा त्याच पायरीवर चढणारा. एरवी आवाजवाल्याने छतावर झाडू ठोकला असता. आज त्याने पाहिलं की उजवा कान उशीत खुपसून पडलं की क्लॅरिनेट नाहीसा होतो, वरचा मजला नाहीसा होतो, आणि उरते फक्त डोक्यात एक बारीक शीळ, जी कुठल्याच वाद्याची नाही. त्या शिळेलाही शब्द नव्हता. तो चिडून उठून बसला.

ठरलं होतं ते सिनेमाचं निघालं. ज्यात सगळे रडतात, असा तो सिनेमा. पोस्टरवरसुद्धा चौघं रडत होती. एरवी असल्या सिनेमाला त्याला कुणी ओढून नेलं नसतं. ती डावीकडच्या खुर्चीत बसली. उजवीकडे एक गृहस्थ कुरकुरीत काहीतरी कागदी पुड्यातून खात होते, त्यामुळे नायकाची आई मेली ती चुरचुर आवाजात, मुलगी घर सोडून गेली ती खरखर आवाजात, आणि शेवटी सगळी भेटली तेव्हा गृहस्थांनी पुडा उलटा करून तळ झटकला. तिच्या बाजूने काहीच येत नव्हतं. ती रडत होती की नाही तेही कळेना. त्याने वळून पाहिलं तर ती रडत नव्हती, त्याच्याकडे बघत होती, आणि ओठ हलले. ‘हं,’ तो म्हणाला. तिने मान वळवून पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि अंधारात तिचा खांदा हलला. हसली असावी. रडण्याच्या सिनेमात.

लग्न झालं त्या वर्षी ती सारखी बोलायची. बाहेरून आली की चप्पल काढता काढता सुरू. एकदा सांगत होती, दुकानाशेजारच्या हॉटेलातली कढई कशी पडली. ‘इतकी खळकन पडली ना,’ ती म्हणाली, आणि तो म्हणाला, ‘खळकन काच पडते. कढई ठणकन पडते.’ तेव्हा ती पोट धरून हसली होती. ‘बाई गं, आवाजवाल्याशी लग्न केलं मी.’ माहेरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. मग कधीतरी हसू कमी होऊन त्याचं ‘बरं, ठणकन’ झालं. मग ‘जाऊ दे’ झालं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नव्हतं. शब्द चुकला तर चुकला म्हणायचं नाही का? चष्म्याचा नंबर चुकला तर ती म्हणते ना? पण तिच्या सांगण्यातून हळूहळू आवाज गळून गेले. कढई पडली. दार लागलं. पाऊस आला. नुसतं एवढंच. जसं एखाद्याने चित्रकथा घेऊन त्यातले सगळे आवाज पांढऱ्या रंगाने पुसून टाकावेत.

संगीत ऐका, मन रमवा, असं घरबसल्या माणसाला सगळेच सांगतात. त्याने कपाटातून जुने हेडफोन काढले आणि त्या दोघांचं म्हणून असलेलं एक गाणं लावलं, एका गायक नवरा-बायकोने मिळून म्हटलेलं. पूर्वी अशी गाणी मुद्रित करताना एक आवाज एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला ठेवण्याची तऱ्हा होती, हे त्याला ठाऊक होतं. पण या गाण्यात पुरुष उजवीकडे आणि बाई डावीकडे आहे हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आता पुरुषाने एक ओळ म्हटली आणि थांबला. मग बराच वेळ नुसता तबला. मग पुरुषाने पुढची ओळ म्हटली, कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखी. उत्तर देत होता तो, खुशीत येऊन, हसून सुद्धा. आणि ज्याला उत्तर देत होता ते कुठेच नव्हतं. वेड्यासारखा वाटत होता तो माणूस. त्याने हेडफोन उलटे करून घातले. मग बाईच एकटी बोलत राहिली, आणि थांबत राहिली, आणि कुणी काही म्हणायची वाट बघत राहिली. त्याने गाणं अर्ध्यातच बंद केलं.

ऑफिसातून पानं घरी यायला लागली होती, कारण आवाजाशिवाय अंक निघत नाही. या खेपेची गोष्ट एका लिफ्टवाल्याची होती, ज्याची लिफ्ट इमारतीत नसलेल्या मजल्यांवर थांबते. शेवटच्या पानावर लिफ्ट अशा एका मजल्यावर थांबली होती जिथे कुणीच राहत नाही. लिफ्टवाला बाहेर डोकावतो, परत आत येतो, आणि दार बंद होतं. दार बंद होण्याच्या चौकटीत आवाज हवा होता. धाड नव्हे, ते रागाचं. खट् नव्हे, ते कुलपाचं. सर्र् म्हणावं तर लिफ्टचं दार नवं वाटेल. चार दिवस तो त्या चौकटीसमोर पेन्सिल घेऊन बसला. शेजारच्या इमारतीत जाऊन लिफ्ट वर-खाली करून आला, उजवा कान दाराला लावून. पहारेकऱ्याने विचारलं, ‘काही पडलंय का साहेब आत?’ डोळे मिटून पूर्वी ऐकलेली दारं आठवायचा प्रयत्न केला तर सगळी उजवीकडेच लागत होती, आठवणीतलीसुद्धा. आठवणीतला डावा कानही जातो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संपादकाचा फोन आला. ‘अरे, एका दाराला किती दिवस? तू राहतोस का त्या मजल्यावर?’

एका दुपारी पलंगाखालचा खोका पाय लागून सहज सरकला म्हणून त्याने ओढून पाहिला. जुने अंक गेले होते. त्याने अक्षरं घातलेले, दोर बांधून ठेवलेले, सगळे. तो तसाच चप्पल घालून तिच्या दुकानात गेला. काचेच्या दारापाशी बाकावर ते रचून ठेवलेले होते, आत डोळे तपासून घ्यायला आलेल्या लोकांना चाळायला. ‘अरे, तुला विचारलं की मी,’ ती काउंटरमागून म्हणाली, हातात कुणाच्या तरी चष्म्याची दांडी वाकवत. ‘परवा, टाकीपाशी. पडून राहिलेत, लोक वाचतील, देऊ का म्हटलं. हं म्हणालास.’ समोर गिऱ्हाईक होतं. आणि खरंच म्हणाला असेल. त्याच्या घशात जे आलं ते कुठल्याच फुग्यात बसणारं नव्हतं. बाकावर एक जाडजूड बाई डोळ्यांत थेंब घातलेल्या, बाहुल्या मोठ्या झालेल्या, अंक हातभर लांब धरून बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना त्या म्हणाल्या, ‘अहो, काही दिसत नाही बघा. माणसं धूसर, बोलणं धूसर. नुसते आवाज तेवढे दिसतायत.’ आजींनी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. ‘थबाक,’ बाई म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं की आपल्याला कुणी न विचारता आपल्या खिशात हात घालतंय आणि वर म्हणतंय, विचारलं होतं.

गोळ्या संपत आल्या तशा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून उरलेल्या आणायला गेला. औषधवाल्याने पाकीट पुढे सरकवत म्हटलं, ‘जेवल्यावरच घेताय ना? वहिनींना सांगितलंय मी.’

‘वहिनींना?’

‘आल्या होत्या ना गोळ्यांची पट्टी घेऊन, ह्या कशाच्या म्हणून. झाले की बरेच दिवस. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी.’ मग त्याचा चेहरा पाहून औषधवाला हळूच म्हणाला, ‘लपवायचं वय असतं हो ते लग्नाआधीचं. आता कशाला?’

म्हणजे तिला माहीत होतं. सिनेमाच्या आधीपासून, खोक्याच्या आधीपासून. माहीत असून ती रोज त्याच्या डाव्या हाताला चालली, माहीत असून बोलली, माहीत असून विचारलं, देऊ का, आणि बहिऱ्या कानाची सही घेतली. त्याच्या डोक्यात संताप चढला तो पायऱ्या चढता चढता. दाराशी पोचेपर्यंत त्याने सगळं भांडण मनात लिहून काढलं होतं, फुग्यांसकट, शेवटी एका अख्ख्या पानाच्या धडामसकट. ती आली, चहा झाला. भांडण तोंडापर्यंत आलं आणि तिथेच घुटमळलं, कारण ती कपबशी विसळता विसळता गुणगुणत होती. त्याच्या उजवीकडे होती म्हणून ऐकू आलं. तिची आजी म्हणायची तसलं काहीतरी, दोनच ओळींचं:

भिंतीपाशी बोलते मी, भिंत काही बोलेना,
मनातलं सांगते मी, वाट त्याची अडेना.

‘चल ना,’ ती हात पुसत म्हणाली. ‘उजेड आहे तोवर.’

त्याने ठरवलं, आज बोलायचं नाही, ऐकायचं. फाटकाबाहेर पडताना तो मुद्दाम कडेने गेला आणि तिला उजव्या हाताला घेतलं. चार पावलांवर ती चपलेचा बंद नीट करायला वाकली, आणि उठली ती डावीकडे. कारखान्यापाशी त्याने पुन्हा जागा बदलली, जणू गाडी येत होती. तिने एक कुत्रं चुकवलं आणि ती डावीकडे. न बोलता, एकमेकांकडे न बघता दोघं टाकीपर्यंत अशी फुगडी घालत गेली. उजवीकडे असली की ती म्हणायची, गार वाटतंय नाही, किंवा दिवे लवकर लागले आज. पाव्हण्याशी बोलावं तसं. डावीकडे गेली की हवा उबदार व्हायची. परतताना फर्निचरच्या दुकानाची लांबलचक काच लागली आणि काचेत त्याला दोघं दिसली. एक चिडलेला माणूस, समोर बघत चालणारा. त्याच्या पलीकडे एक बाई, दोन्ही हातांनी काहीतरी मोठं पडल्याचं दाखवत होती, मग भुवया उंच करून कुणाची तरी नक्कल केली, मग स्वतःच्याच बोलण्यावर मान मागे टाकून हसली. ही बाई त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. चप्पल काढता काढता बोलणारी. ती कुणाला सांगत होती हे सगळं? त्याच्या डाव्या कानाला. आणि त्याला, डोक्याला तो कान चिकटवून हिंडणाऱ्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच एका अवयवाचा हेवा वाटला. काच संपली. खाटा आणि कपाटं संपली. ‘हं,’ तो म्हणाला, कारण तिथे काहीतरी म्हणायला हवं होतं.

नंतरचे दिवस तो ओठांकडे बघायला शिकत होता, पण जमलं नाही. चित्रात तो तोंडावरून शब्द सांगू शकायचा. फुगा रिकामा असला तरी हा माणूस ‘नाही’ म्हणतोय हे कळायचं. पण बायकोच्या ओठांकडे सरळ बघितलं की ते थांबायचे. ‘काय रे?’ ती म्हणायची, मोठ्याने, स्वच्छ. ‘काही नाही.’ तेवढ्यात अंक छापून आला. लिफ्टच्या दाराच्या चौकटीत संपादकाने स्वतःच लाल जाड अक्षरांत ‘धाड’ घालून टाकलं होतं. त्याला वाटलं होतं की आपण खूप चिडू. त्याने पान उलटलं. धाड तर धाड. त्या मजल्यावर तसंही कुणी राहत नव्हतं. त्याला चीड येत होती ती वेगळ्याच गोष्टीची: पंधरवडा उतरणीला लागला होता, रोज संध्याकाळी त्याच्या दीड वीत अंतरावर कुणीतरी मनातलं घर रिकामं करत होतं, आणि तो शेजारून चालत होता. उद्या डॉक्टर परत चिमटा टेकवणार होता. ऐकू आलं तर काय, आणि नाही तर काय, याचा हिशेब त्याला करता येत नव्हता.

त्या संध्याकाळी शाळेच्या कुंपणापाशी डावीकडे सळ झालं. आधी वाटलं, तीच शीळ. मग पुन्हा, सळ, आणि एक पाऊल, आणि सळ. पिशवीचा पट्टा तिच्या बाहीला घासत होता. इतका बारीक आवाज, आणि तो डावीकडून येत होता. कान भरलेल्या विहिरीसारखा होता आणि तळातून कुणी हाका मारत होतं. त्याने चाल मोडू दिली नाही. मान वळवली नाही. पावलापावलाने आवाज वर येत गेला, ओला, अर्धा, शब्दांच्या कडा खाल्लेला. आणि मग तिचा.

‘...रोज येतात ना ते, त्यातलेच एक आजोबा. नवा चष्मा घातला, आरशात बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणतात, अगं, मी असा दिसतो होय? इतके दिवस कुणी बोललं नाही ते? मी काय बोलणार. पुसायचा कपडा दिला हातात. पण छातीत ना कसं डुबुक झालं.’

त्याची जीभ दातांपर्यंत आली. डुबुक पाण्यात होतं, खडा पडल्यावर. छातीत –

‘आता तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, डुबुक पाण्यात होतं, छातीत धस्स होतं,’ ती म्हणाली, मजेत, समोरच्या दिव्यांकडे बघत. ‘पण धस्स नव्हतं रे झालं. धस्स झालं असतं तर कळलं असतं मला. डुबुकच झालं. आणि मग गोल गोल गेलं, बराच वेळ.’

कारखान्याची भिंत लागली. तिच्या आवाजाला भिंतीवरून एक पातळ पडसाद यायचा तोही त्याला आता डावीकडून येत होता. आधीच्या साऱ्या संध्याकाळी काय काय पडलं, काय मोडलं, कुणाची नक्कल झाली, ते गेलं. ते परत मागता येणार नव्हतं. मागितलं की हेही थांबणार होतं. सळ, पाऊल, सळ.

‘उद्या जायचंय ना तुला त्या डॉक्टरकडे,’ ती म्हणाली. ‘बरा हो बाबा. माझं काही म्हणणं नाही. गाडीबिडी येते अंगावर, जीव राहत नाही थाऱ्यावर. बरा हो.’ मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत, हळू, जवळजवळ स्वतःशीच, ‘पण जरा सावकाश हो.’

समोर बघत राहायचं होतं. आताच्या हंमध्ये काही येऊ द्यायचं नव्हतं, ना हो, ना ऐकतोय, ना असं आहे होय; रोजच्यासारखा, रिकामा, न ऐकलेल्या माणसाचा हवा होता. त्याने घसा साफ केला नाही, कारण रोज तो करत नसे. फर्निचरच्या दुकानाची काच जवळ येत होती.

‘हं,’ तो म्हणाला.